शके १८५४ : पेठेतल्या एका दुकान-इमारतीचे प्रकरण

पार्श्वभूमी

पुण्यात नदीकडच्या एका पेठेत, भर बाजाररस्त्यावर ही इमारत उभी आहे. खाली चार गाळे, वर दोन माड्या, माथ्यावर मंगलोरी कौले. दर्शनी भिंतीच्या मधोमध गिलाव्यात उठावाची अक्षरे आहेत, ‘शके १८५४’. इसवी सनात हे १९३२-३३ होते. पेठेत तिला ‘भांडीवाल्यांची बिल्डिंग’ म्हणतात. मालक दुसरेच आहेत, पण तिसऱ्या गाळ्यातले भांड्यांचे दुकान पहिल्यापासून तिथे आहे आणि लोक इमारत दुकानावरूनच ओळखतात. मालकांची, भाडेकरूंची नावे आणि इमारत ओळखता येईल असे तपशील मी इथे दिलेले नाहीत.

जुन्या इमारतींचे कागद आणि भिंती वाचून त्यांचा इतिहास मांडणे हे माझे काम. मे २०२३ मध्ये मालकांच्या घरातले थोरले बंधू (सगळे त्यांना अण्णा म्हणतात, मीही म्हणते) माझ्याकडे आले. महिनाभरापूर्वी मागच्या बाजूची एक भिंत फुगून बाहेर आली होती, आणि महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली धोकादायक बांधकामाची नोटीस लागली होती. अण्णांना दोन गोष्टी हव्या होत्या, इमारतीचे वय आणि भोगवटादारांची, म्हणजे जागा प्रत्यक्ष वापरणाऱ्यांची, खरी यादी. पुनर्बांधणी करायची तर कोण भाडेकरू, कोण पोटभाडेकरू, कुणाचा कुठला गाळा हे आधी ठरावे लागते.

गाळ्यांची तेव्हाची स्थिती अशी होती. कोपऱ्यावरच्या पहिल्या गाळ्यात मोबाइलच्या सामानाचे दुकान. दुसरा गाळा मधोमध लाकडी पडदीने दुभागलेला, त्यात एका बाजूला सोनाराची जुनी पेढी आणि दुसऱ्या बाजूला कटपीसचे, म्हणजे कापडाच्या सुट्या तुकड्यांचे, दुकान. तिसऱ्यात भांडी. चौथ्यात पूर्वी वह्या-पुस्तके मिळत, पण चालवणारे गृहस्थ काही वर्षांपूर्वी वारले आणि तेव्हापासून शटरला कुलूप होते. वर पहिल्या माडीवर एक शिंपी, म्हणजे मास्टर. दुसरी माडी रिकामी.

चारही गाळ्यांचे मिळून महिन्याचे भाडे हजार रुपयेसुद्धा नव्हते. कारण सर्वांना माहीत आहे. मुंबई भाडे नियंत्रण कायदा १९४७ चा, आणि त्यात प्रमाण भाडे, म्हणजे कायद्याने बांधून दिलेले भाडे, ठरले १ सप्टेंबर १९४० च्या भाड्यावरून. पुढे ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने दरसाल चार टक्के वाढीची मुभा दिली, पण मूळ आकडाच पंधरा-वीस रुपयांचा असेल तर चार टक्क्यांनी काय होणार? मालकाला डागडुजी परवडत नाही, भाडेकरूला ती मालकाची जबाबदारी वाटते, आणि मधल्या मध्ये इमारत झिजते. यात मी कुणा एकाला दोष देत नाही. दोन्ही बाजूंनी मी पुरेशी घरे पाहिली आहेत.

अडचण

अण्णांचे म्हणणे साधे होते. इमारत नव्वद वर्षांची, मोडकळीला आलेली, म्हणून सगळी पाडायची. गाळ्यांचे भाडेकरू तीनच, कारण कटपीसवाले ‘सोनाराने परस्पर बसवलेले’ आणि चौथ्या गाळ्याला वाली नाही. दुकानदारांना भीती होती की एकदा बाहेर पडलो की परत आत यायला मिळणार नाही. ही भीती पोकळ नव्हती. पेठेतल्या दोन इमारतींच्या मोकळ्या जागा त्यांच्या डोळ्यांसमोर होत्या.

कागद म्हणावेत तर जवळपास नव्हतेच. सिटी सर्व्हेचे मालमत्ता पत्रक होते, त्यावर वारसनोंदी होत्या, पण मालमत्ता पत्रक मालकी सांगते, दुकानात कोण बसले होते ते सांगत नाही. बाकीचे कागद विचारले की एकच उत्तर यायचे, ‘पुरात गेले.’ १२ जुलै १९६१ रोजी पानशेत आणि खडकवासला फुटले तेव्हा या पेठेत पाणी शिरले होते हे खरेच. पण पुण्यात ‘पुरात गेले’ हे वाक्य कधी खरी हकीकत असते, तर कधी ‘शोधलेले नाहीत’ असा त्याचा अर्थ असतो.

पहिला निर्णय : इतिहास कुणासाठी?

माझे मानधन अण्णा देणार होते. म्हणून सुरुवातीलाच एक अट लेखी घातली, की जे सापडेल त्याची प्रत मालकाला आणि प्रत्येक भोगवटादाराला एकाच दिवशी मिळेल. अण्णांनी दोन दिवस घेतले, पण मान्य केले. ही अट नसती तर दुकानदारांनी मला पोटमाळ्यावर चढूच दिले नसते. भांडीवाले शेठ पहिल्या भेटीत म्हणाले होते, “ताई, मालकाच्या माणसाला आम्ही चहा पाजतो, कागद दाखवत नाही.”

दुसरी गोष्ट पावसाळ्याची. जून तोंडावर होता. इतिहास थांबू शकतो, फुगलेली भिंत थांबत नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरने मागच्या भागाला लोखंडी टेकू लावून घेतले, तिथला वावर बंद केला, आणि मगच मी मोजमापाची टेप काढली.

भिंती काय म्हणाल्या

दर्शनी भागात दुकानांच्या तोंडावर गिलाव्याखाली लोखंडी तुळया होत्या. एका तुळईच्या पोटात ‘डॉर्मन लाँग’ हा इंग्लंडमधल्या कारखान्याचा छाप वाचता आला. अशा तुळयांमुळेच खांबांची गर्दी टाळून रुंद तोंडाचे गाळे काढता आले. पुढच्या भिंती पक्क्या विटांच्या, चुन्यातल्या.

पण तिसऱ्या गाळ्याच्या मागचे दार उघडून आत गेले आणि जणू दुसऱ्याच घरात आले. सागवानी खांब, तुळयांवर कडीपाट (लाकडी कड्या-फळ्यांचे छत), पांढरीच्या मातीच्या जाड भिंती, कोनाडे, आणि जोते पुढच्यापेक्षा दीड फूट उंच. सगळी मांडणी खणांच्या, म्हणजे दोन खांबांमधल्या अंतराच्या, मापाची. हा वाडा होता, शके १८५४ च्या कितीतरी आधीचा. अण्णांच्या कपाटात नगरपालिकेच्या शिक्क्याचा एक नकाशा निघाला (पुण्यात तेव्हा नगरपालिका होती, महानगरपालिका १९५० ची), आणि उलगडा झाला. रस्ता रुंद करताना वाड्याचा पुढचा सोपा (ओसरी) आणि ओटे कापले गेले होते. कापलेल्या तोंडावर नवा दर्शनी भाग बांधून त्यात गाळे काढले होते. भिंतीवरचे वर्ष त्या तोंडाचे होते, सगळ्या इमारतीचे नव्हते.

हे कळल्यावर मला त्या दिवशी झोप लागली नाही, कारण याचा अर्थ सरळ व्यवहाराचा होता. फुगलेली भिंत वाड्याची होती. गाळ्यांच्या भिंती वेगळ्या, वेगळ्या काळातल्या, आणि दोन्ही भाग नुसते एकमेकांना टेकलेले होते, सांधलेले नव्हते. इंजिनिअरने तीन ठिकाणी गिलावा फोडून पाहिले आणि तसेच निघाले. म्हणजे ‘सगळी पाडायची’ हे आता गृहीत उरले नाही.

दुसऱ्या गाळ्याचे कोडे

सर्वात जास्त वेळ गेला तो इथे, आणि तो जायलाच हवा होता.

सोनारांची तिसरी पिढी पेढीवर बसते. त्यांनी घरातली गोष्ट सांगितली. जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले, चौदा कॅरटच्या वरचे दागिने घडवायला बंदी झाली. आजोबांचे काम एका महिन्यात बसले. भट्टी विझली, दोन कारागीर गावी गेले. घर चालवायला आजोबांनी अर्धा गाळा एका ओळखीच्या माणसाला दिला, आणि त्याने मुंबईच्या गिरण्यांचे कटपीस आणून विकायला सुरुवात केली. नियंत्रणाचा पुढे १९६८ मध्ये कायदा झाला आणि तो उठला १९९० मध्ये. तोवर पडदी कायमची झाली होती.

कायद्याच्या दृष्टीने तारीख महत्त्वाची. १९४७ च्या कायद्यात पोटभाडेकरू ठेवणे निषिद्ध होते. १९५९ मध्ये दुरुस्ती झाली, पण ती २१ मे १९५९ पूर्वीच्या पोटभाडेकरूंना वाचवणारी. नंतर १९८७ च्या दुरुस्तीने ही रेषा १ फेब्रुवारी १९७३ पर्यंत पुढे आणली आणि १९९९ च्या कायद्याने ती राखली. कटपीसवाले १९६३ मध्ये आले हे खरे असेल तर ते रेषेच्या आत होते. ते १९७५ मध्ये आले असते तर बाहेर.

आता पुरावे. पोटमाळ्यावर दुकानाच्या जुन्या फळ्या सापडल्या. शटर येण्यापूर्वी दुकाने फळ्या सरकवून बंद करत, आणि क्रम चुकू नये म्हणून प्रत्येक फळीवर आकडा रंगवलेला असे. इथे एक ते अकरा होते, त्यातली सातवी गहाळ. एका फळीची रुंदी मोजून अकराने गुणली तर माप पेढी आणि कटपीस मिळून जेवढे तोंड होते तेवढेच भरले. म्हणजे गाळा मुळात एक होता, पडदी नंतरची. पण किती नंतरची ते फळ्या सांगत नाहीत.

कटपीसवाल्यांकडे जुन्या बिलबुकाची काही पाने होती. रक्कम नव्या पैशात, म्हणजे १९५७ नंतरची. पत्त्यात ‘पुणे २’ एवढेच, सहा आकडी पिनकोड नाही. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. कटपीसवाले भाऊ आनंदले, “झालं की मग!” मला त्यांना थांबवावे लागले. छापलेली बिलबुके संपेपर्यंत वापरली जातात, आणि छापखानेवालाही जुनाच ठसा वर्षानुवर्षे चालवतो. हा आधार होता, शाबिती नव्हती.

शाबिती आली गुमास्ता नोंदणीतून, म्हणजे दुकानाच्या सरकारी नोंदणीतून. १९४८ च्या दुकाने व संस्था कायद्याखाली कटपीसवाल्यांच्या वडिलांच्या नावाने स्वतंत्र नोंद झाली होती ती १९६९ मध्ये. दाखला त्यांच्याच घरी देवघराच्या मागे, गुंडाळी करून ठेवलेला. त्यावर नूतनीकरणाचे शिक्के ओळीने होते.

इथे मला सर्वात अवघड क्षण आला. मसुदा वाचून अण्णा म्हणाले, “हे लिहायलाच हवं का? तुम्हाला इमारतीचा इतिहास विचारला होता.” मी म्हणाले, “अण्णा, दुकानाच्या इमारतीचा इतिहास म्हणजे तिथे कोण बसलं तोच. भिंती त्यांच्यासाठी उभ्या राहिल्या.” ते रागावले. पंधरा दिवस फोन नाही. या काळात त्यांनी वकिलामार्फत कटपीसवाल्यांना नोटीस पाठवली, तिकडून उत्तर आले, आणि पाच महिने असेच गेले.

माझी चूक

सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मराठी पाट्यांसाठी दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली, आणि पेठेत पाट्या बदलायची घाई सुरू झाली. पहिल्या गाळ्याच्या मोबाइलवाल्याने पाटीवाल्याला बोलावले. मी त्या दिवशी तिथे नव्हते. ‘पाटी उतरवाल तेव्हा सांगा’ एवढेही मी कुणाला म्हटले नव्हते. ॲल्युमिनियमच्या पत्र्यामागे जुन्या रंगाची अक्षरे होती. पाटीवाल्याने नवा सांगाडा सपाट बसावा म्हणून ती छिन्नीने खरवडली. मोबाइलवाल्याच्या फोनमध्ये एक तिरपा फोटो राहिला, त्यात ‘…हार गृह’ एवढे वाचता येते. उपाहारगृह असावे. मालक कोण, काळ कोणता, काही कळले नाही, आणि आता कळणारही नाही.

यानंतर बाकीच्या पाट्या मी स्वतः उभी राहून उतरवून घेतल्या. संध्याकाळी बाजूने बॅटरीचा प्रकाश टाकून फोटो काढले. तिसऱ्या गाळ्यावर अक्षरांचे तीन थर निघाले, सर्वात खाली ‘तांब्या-पितळेची भांडी व कल्हई’, मध्ये ‘स्टेनलेस स्टील’, वर फ्लेक्सच्या खिळ्यांची भोके. शेठ बराच वेळ त्या खालच्या ओळीकडे पाहत उभे होते. ‘कल्हई’ हा शब्द त्यांच्या वडिलांनी स्वतः रंगवून घेतला होता म्हणे.

पर्याय

डिसेंबर २०२३ मध्ये सगळे एकत्र बसले तेव्हा टेबलावर तीन वाटा होत्या. पहिली, सगळे पाडून बिल्डरकडून नवी इमारत. यात अण्णांना पैसा होता, पण चौथ्या गाळ्याच्या वारसाचा प्रश्न सुटेपर्यंत एकही बिल्डर पुढे यायला तयार नव्हता. दुसरी, भाडेकरूंसकट जशीच्या तशी विकणे. किंमत इतकी पडकी आली की अण्णांच्या धाकट्या भावानेच नकार दिला. तिसरी, मागचा वाडा उतरवायचा आणि पुढचे गाळे दुरुस्त करून ठेवायचे.

तिसरी वाट मला मनापासून हवी होती, हे मी लपवले नाही. पण तिच्यातला तोटाही सांगितला. वाड्याचा कडीपाट, खांब, कोनाडे जाणार होते. वास्तू म्हणून मोलाचा भाग मागचाच होता, पुढचा नव्हे. ज्या भागात दुकाने चालू होती तो वाचवण्यासाठी जुना भाग सोडायचा, असा तो सौदा होता. वाडा वाचवायला लागणारा खर्च कुणाकडेच नव्हता, आणि आणखी एक पावसाळा त्याने काढला नसता.

काय झाले

काम जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाले. वाडा हाताने, वरून खाली उतरवला. प्रत्येक खांबाला, तुळईला क्रमांक देऊन मापे घेतली. सागवान विकून आलेल्या पैशातून दुरुस्तीचा काही भाग निघाला. बाकीचा खर्च मालक आणि चालू दुकाने यांनी वाटून घेतला, मुद्रांकावर करार करून. दोन-दोन गाळे आळीपाळीने बंद ठेवले, म्हणून सगळ्यांचा धंदा एकदम थांबला नाही. तरी मोबाइलवाला अर्ध्यातच सोडून गेला. त्याच्यासाठी सात आठवडे बंद म्हणजे गिऱ्हाईक कायमचे गेले. भांडीवाले गुढीपाडव्याला परत बसले.

मास्टर मात्र परतले नाहीत. ऑगस्ट २०२३ मध्येच ते वारले. १९६६ पासून ते माडीवर शिवत बसायचे, खिडकीतून खाली चारही गाळ्यांवर त्यांची नजर असे. मी त्यांच्याशी तीनदा बोलले होते, पण रेकॉर्डर लावून नाही. ‘कागद आधी, माणसे नंतर’ असा माझा क्रम होता. कागद देवघरामागे पन्नास वर्षे टिकला. आता मी पहिल्या आठवड्यात सर्वात वयस्कर माणसासमोर बसते, मग सिटी सर्व्हेच्या कचेरीत जाते.

चौथ्या गाळ्याचा प्रश्न अजून न्यायालयात आहे. धंद्याच्या जागेत भाडेकरूचा हक्क पुढे जातो तो आधी मृत्यूच्या वेळी त्याच्याबरोबर ती जागा धंद्यासाठी वापरत असलेल्या घरच्या माणसाकडे, आणि असा कुणी नसेल तर वारसाकडे. पुतण्या म्हणतो, मी रोज दुकानात बसायचो. अण्णा म्हणतात, कधीच पाहिला नाही. माझ्या टिपणात या गाळ्यापुढे ‘ठरवता आले नाही’ असेच लिहिले आहे. शटरला आता दोन कुलुपे आहेत, एक त्याचे, एक यांचे.

पुन्हा करायचे तर

कटपीसचा वाद ज्या कागदाने मिटला तो मला सर्वात शेवटी मिळाला. नोव्हेंबरात मी अण्णांच्या घरी नकाशा परत द्यायला गेले होते. अण्णा बाहेर होते. काकूंनी चहा दिला आणि सहज विचारले, “भाडेपावत्यांचा काही उपयोग असतो का हो तुम्हाला?”

त्यांच्या सासूबाई भाडे घेत, पावती फाडत. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत १९५८ पासूनच्या पावतीपुस्तकांच्या स्थळप्रती, म्हणजे घरी ठेवलेल्या प्रती, होत्या. १९६१ च्या पुस्तकाच्या कडा पुराच्या चिखलाने तपकिरी झाल्या आहेत, पण अक्षर शाबूत आहे. सासूबाई नियमाने लिहीत: रक्कम, महिना, आणि ‘हस्ते’, म्हणजे पैसे कुणी आणून दिले. एप्रिल १९६४ पासून दुसऱ्या गाळ्याच्या पावत्यांवर नाव सोनाराचे आणि हस्ते कटपीसवाल्यांच्या वडिलांचे. महिन्यामागून महिना. म्हणजे ‘परस्पर बसवलेले’ नव्हते. घरात माहीत होते, घेतलेही जात होते. अण्णांनी आईचे अक्षर ओळखले. नोटीस त्यांनी दुसऱ्या दिवशी मागे घेतली.

मे महिन्यात मी घरातल्या चार पुरुषांना कागद विचारले होते. काकू तिथेच बसल्या होत्या. त्यांना मी विचारले नाही.

पेटी आता परत माळ्यावर आहे, पानांचे फोटो पाचही जणांकडे. एप्रिल २०२४ ची पावती कटपीसवाले भाऊ घ्यायला आले तेव्हा पुस्तकात पहिल्यांदाच नाव आणि हस्ते एकच लिहायचे होते. काकूंनी विचारले, “मग ‘हस्ते’ची ओळ रिकामी सोडू का?” भाऊ म्हणाले, “नको, तिथेही लिहा.”